ऑनलाइन शाळेतली तोंडी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं १९९७ साली एक अशी शाळा काढली, जिला वर्गच नव्हते. 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल' हे तिचं आजचं नाव. राज्यातल्या मुलांना ती फुकट आहे. कुणी तिथे एखाददुसरा विषय घेतं, कुणी पूर्णवेळ तिथेच शिकतं. धडा पडद्यावर वाचायचा, स्वाध्याय तिथेच भरून पाठवायचा, घटक संपला की चाचणी द्यायची, आणि बरंचसं आपापल्या वेगानं. पण या शाळेत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्या नावानं मुलांच्या पोटात गोळा येतो. घटक संपत आला की विषयशिक्षकांना फोन लावायचा आणि शिकलेल्या भागावर त्यांच्याशी बोलायचं. शिक्षक विचारणार, आपण सांगायचं, त्यावर ते पुन्हा विचारणार. शाळेच्या कागदोपत्री हे 'डिस्कशन बेस्ड असेसमेंट', मुलांच्या बोलण्यात नुसतं 'डीबीए'.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल आपल्याकडे गेल्या पाच-सहा वर्षांत खूप लिहिलं गेलं: नेटवर्क, मोबाइल, डोळ्यांचे त्रास, पटावरची गळती. शिक्षक आणि एकच मूल समोरासमोर किंवा कानाला फोन लावून बोलतात आणि त्या बोलण्यातून मुलाला काय येतं ते ठरतं, या प्रकाराकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ऑनलाइन शाळेतली सर्वांत मोलाची मिनिटं हीच वाटतात. आणि ती वाया घालवणंही फार सोपं आहे.

फोन करायला लावण्यामागे दोन हेतू असतात. पाठवलेलं काम मुलानंच केलं आहे का, हा पहिला. त्याला ते कळलं आहे का, हा दुसरा. वरवर पाहता दोन्ही एकाच बोलण्यात साधतात. प्रत्यक्षात पहिल्या हेतूचा जोर वाढला की दुसरा मागे पडतो. मूल समोर वही उघडून बसतं, उत्तरं वाचून दाखवायला लागतं, शिक्षक ते वाचतंय का याचा कानोसा घेत राहतात, आणि दहा मिनिटं पहाऱ्यात जातात. फ्लोरिडाच्या शाळेला राज्याकडून पैसे मिळतात ते मुलानं कोर्स यशस्वीपणे पुरा केला तरच. त्यामुळे मुलं पुढे सरकत राहावीत याची शाळेला निकड असते, आणि सरकणारं मूल खरंच शिकतंय ना, हे पाहण्याची गरजही तितकीच असते. ती पाहण्याची जागा म्हणजे हा फोन.

दुसरा हेतू किती मोठा आहे, हे कळण्यासाठी इंटरनेटच्याही आधीच्या एका मुलाकडे जावं लागतं. १९७३ साली स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकानं सहावीतल्या एका मुलाशी झालेलं बोलणं प्रसिद्ध केलं. लेखात मुलाचं नाव बेनी असं ठेवलं होतं. बेनी ज्या पद्धतीनं गणित शिकत होता, ती पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झाली होती. प्रत्येक मुलानं आपल्या गतीनं पुस्तिका सोडवायच्या, चाचणी द्यायची, उत्तरसूचीशी ताडून ८० टक्के बरोबर आले की पुढच्या पुस्तिकेकडे जायचं. पडदा तेवढा नव्हता, बाकी आजच्या स्वयंगती ऑनलाइन कोर्सचा सगळा सांगाडा तिथे होता. बेनी या पद्धतीत चांगल्यापैकी पुढे गेलेला मुलगा होता. शिक्षिकेच्याही लेखी तो हुशारांतला.

अर्लवँगरनं त्याला दोन छेद दहा दशांशात लिहायला सांगितलं. बेनीनं लिहिलं १.२. दोन आणि दहा मिळून बारा, मध्ये टिंब. या हिशेबानं चार छेद अकरा म्हणजे १.५ आणि अकरा छेद चार म्हणजेही १.५. एक अपूर्णांक एकाहून लहान, दुसरा अडीचहूनही मोठा, आणि दोघांचं उत्तर एकच येतं, यात त्याला काहीच खटकलं नाही. ०.३ आणि ०.४ यांची बेरीज त्यानं ०.०७ केली, कारण दोन्ही आकड्यांत मिळून दोन टिंबं आहेत, तर उत्तरातही टिंबानंतर दोन घरं हवीत. नियम त्याचे त्यानंच बनवले होते आणि ते तो बिनचूक पाळत होता. त्याहून काळजीची गोष्ट पुढे निघाली. एकाच उत्तराची अनेक रूपं असतात, सूचीत त्यांतलं एकच छापलेलं असतं, तेवढंच बरोबर धरलं जातं, म्हणून सूचीतलं रूप सापडेपर्यंत उत्तर बदलत राहायचं, असं त्याला मनापासून वाटत होतं. गणित म्हणजे सूचीत काय दडलंय ते ओळखणं, हे तो इतक्या पुस्तिका पार करून शिकला होता.

बेनीच्या पास झालेल्या चाचण्यांच्या ढिगात यातलं काही दिसलं नव्हतं. दिसलं ते कुणीतरी शेजारी बसून 'हे कसं काढलंस?' असं विचारल्यावर. तोंडी मूल्यमापनाच्या बाजूनं याहून बळकट पुरावा मला माहीत नाही. आणि त्यात लबाडीचा प्रश्न कुठेच नाही. बेनी नक्कल करत नव्हता. सगळी उत्तरं त्याची स्वतःची होती आणि तरी त्याला काही कळलं नव्हतं.

मग शाळांनी तोंडी परीक्षा का सोडली? याचं उत्तर बॉस्टनमध्ये आहे. १८४५ सालापर्यंत तिथल्या शाळांत वर्षातून एकदा समितीचे सभासद येत आणि मुलांना उभं करून तोंडी प्रश्न विचारत. कुणाला सोपा प्रश्न, कुणाला अवघड, कुणाला एकही नाही. त्या वर्षी शिक्षणसुधारक होरेस मान आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल ग्रिडली हाउ यांच्या आग्रहामुळे सगळ्यांना छापील प्रश्न एकदमच दिले गेले. निकाल शाळांना शरमेनं मान खाली घालायला लावणारा लागला. लेखी परीक्षेची बाजू न्यायाची होती: सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, आणि उत्तर कागदावर राहतं म्हणून दुसऱ्यालाही तपासता येतं. हा मुद्दा आजही तितकाच खरा आहे, आणि तोंडी परीक्षेचं कौतुक करणाऱ्यांनी तो टाळू नये.

काही देशांनी मात्र तोंडी सोडलीच नाही. इटलीत शिक्षक एकेका मुलाला बोलावून धडा विचारतात, त्याला तिथे 'इंतेरोगात्सियोने' म्हणतात आणि वर्षभराचे गुण बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, बारावीच्या तोडीच्या तिथल्या शालान्त परीक्षेतले लेखी पेपर रद्द झाले आणि फक्त तोंडी उरली, सुमारे तासाभराची, शिक्षकांच्या समितीसमोर आणि प्रत्यक्ष. इतकी मुरलेली परंपरा असूनही रोजच्या वर्गाची तोंडी जेव्हा पडद्यावर गेली, तेव्हा विश्वास ढासळला. २०२१ च्या वसंतात वेरोना शहरातल्या एका विद्यार्थिनीला ऑनलाइन तोंडीच्या वेळी डोळ्यांवर स्कार्फ बांधायला सांगितल्याची बातमी आली आणि देशभर संताप उसळला. समोर काही वाचता येऊ नये म्हणून डोळे बांधायचे! पहारा हाच हेतू झाला की तोंडी परीक्षा कुठवर जाते, ते या एका प्रसंगात दिसतं. ज्या मुलीच्या डोळ्यांवर पट्टी आहे, ती शिक्षकांना 'मला हे नीट कळलं नाही' असं कधीच म्हणणार नाही.

दूरशिक्षण आणि आवाज यांचं नातं तसं जुनं आहे. ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्जला १९५१ साली 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या वाड्यांतली मुलं रेडिओवरून शिक्षकांशी बोलत. त्या शाळेत टपालानं येणारा गृहपाठही होता, पण मुलांना शिक्षक ओळखीचे झाले ते आवाजानं.

आपल्याकडे महाराष्ट्रात तोंडी परीक्षेचा अनुभव फार वेगळा आणि थोडा कटू आहे. दहावीला ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण शाळेकडे, ही रचना सगळ्यांच्या परिचयाची. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे २० गुण शाळा सढळ हातानं देतात, अशी तक्रार वाढली आणि २०१८-१९ मध्ये ते काढून टाकले गेले. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, तेव्हा सगळी चढउतार २० गुणांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण जनतेनं त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला: तोंडीचे गुण म्हणजे खिरापत.

यात शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. साठ-सत्तरांच्या तुकडीला दोन-तीन तासिकांत तोंडी उरकायची असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. मूल पाठ केलेली कविता म्हणून दाखवतं, सर रकान्यात आकडा भरतात. विचारायला वेळ नाही, ऐकायला वेळ नाही, ऐकल्याची नोंद ठेवायला जागा नाही. अशा तोंडीत सगळ्यांना अठरा गुण पडले तर त्यात नवल कसलं?

टाळेबंदीत महाराष्ट्रानं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचे स्वाध्याय मोबाइलवर पोचवले. २०२० च्या नोव्हेंबरात 'स्वाध्याय' ही योजना आली: व्हॉट्सॲपवर आठवड्याला पर्यायी प्रश्न, उत्तरं दिली की लगेच निकाल. लाखो मुलांपर्यंत एकाच वेळी पोचायला याहून स्वस्त मार्ग नव्हता, आणि त्या दिवसांत तेवढं झालं हेही मोठंच होतं. पण बेनीला अशा पर्यायी प्रश्नांत कुणी ओळखलं असतं का? दुसरीकडे 'असर' सर्वेक्षण आहे. 'प्रथम' ही मुंबईत जन्मलेली संस्था. तिच्या पुढाकारानं २००५ पासून हे सर्वेक्षण होतं आणि त्याचं सगळं बळ एकेका मुलाशी बोलण्यात आहे. कार्यकर्ता घरी जातो, अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा कागद मुलापुढे धरतो आणि वाचून घेतो. पाचवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही गोष्ट देशाला अशाच वाचून घेण्यातून कळली. २०२० मध्ये घरोघर जाणं शक्य नव्हतं. 'असर'नं फोनवरून पाहणी केली, पण त्यात पुस्तकं मिळाली का, शाळेशी संपर्क आहे का, एवढंच विचारलं गेलं, मुलांचं वाचन तपासलं गेलं नाही.

फोनवर मुलाचं शिकणं तपासता येतं का, याचा धडा त्याच काळात आफ्रिकेतल्या बोट्स्वानातून आला. नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार घरांत दोन प्रकार करून पाहिले. काही घरांना आठवड्याला गणिताचा एसएमएस, काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसनं फारसा फरक पडला नाही. फोन गेलेल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. हा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये आला. त्यातली तपासणीही फोनवरच झाली आणि तिची रीत मला फार आवडते. प्रत्येक गणिताला दोन मिनिटं, आणि उत्तर बरोबर आलं तरी ते कसं काढलं हे मुलानं सांगितलं तरच ते बरोबर धरायचं. शेजारी बसलेल्या ताईनं उत्तर कुजबुजलं तरी रीत सांगायची ती मुलालाच. डोळे बांधावे लागले नाहीत, कॅमेरा फिरवून खोली दाखवावी लागली नाही. 'कसं काढलंस?' या एका प्रश्नानं दोन्ही हेतू साधले, आणि मुलाला आपल्यावर संशय घेतला जातोय असंही वाटण्याचं कारण उरलं नाही.

न्यायाचा मुद्दा तरीही राहतोच. बोलण्यात मुलाचं सगळं घर ऐकू येतं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारं मूल फोनवर गुरुजींशी बोलताना आधी भाषा सांभाळतं, मग विज्ञान. तोतरं बोलणाऱ्या मुलाला दोन मिनिटांची मर्यादा म्हणजे शिक्षाच. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी दुसरी सोय हवी. एका खोलीत पाच माणसं, कुकरची शिट्टी, वडील कामावरून येईपर्यंत घरात फोनच नाही, हे सगळं आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिलं आहे. त्या आवाजात चाचरणाऱ्या मुलाला अभ्यासच येत नाही असं ठरवणं अन्यायाचं आहे. यावर उपाय आहेत आणि ते जगात रुळलेले आहेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतलं संभाषण ११ ते १४ मिनिटांचं असतं, परीक्षकाचे प्रश्न ठरलेले असतात, बोलणं रेकॉर्ड होतं, तक्रार आली तर दुसरा परीक्षक ते ऐकू शकतो. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात भाषेची तोंडी १५ मिनिटांची: आधी विद्यार्थी बोलतो, मग शिक्षक विचारतात. १८४५ साली बॉस्टनमध्ये जी उणीव होती, ती रेकॉर्डिंगनं आणि आखलेल्या प्रश्नांनी बरीच भरून निघते. ऑनलाइन शाळेत तर रेकॉर्डिंग हातासरशी होतं. पालकांची परवानगी घ्यायची आणि ते किती दिवस ठेवायचं हे आधी सांगायचं, एवढं मात्र सोडता येणार नाही.

मुलं तोंडीला घाबरतात, म्हणून ती नको, हे म्हणणं मला पटत नाही. एडिंबराच्या नेपियर विद्यापीठात मार्क हक्सम आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेच प्रश्न काहींना लेखी आणि काहींना तोंडी विचारले. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासात तोंडी देणाऱ्यांनी चांगले गुण मिळवले. अर्थात ते विद्यापीठातले तरुण होते, बारा वर्षांची मुलं नव्हेत. पण भीती तोंडीची असते की एकाच तोंडीवर सगळं टांगलेलं असण्याची, हे पाहायला हवं. महिन्याला एकदा बोलणं होत असेल, पहिल्यांदा चुकलं तर आठवड्यानं पुन्हा बोलता येत असेल, तर तिसऱ्या फोनला मूल स्वतःहून विचारायला लागतं. शिक्षकांनी आपल्याला नावानं ओळखावं, ही ओढ ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाला वर्गातल्या मुलाहून जास्तच असते.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि या विषयाला एकदम निकड आली. घरून लिहून आणलेल्या निबंधावरून मुलाला काय येतं हे आता ठरवता येत नाही. काही विद्यापीठं तोंडीकडे वळत आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं तर बोलणाऱ्या यंत्राकडूनच ३६ विद्यार्थ्यांची तोंडी घेतली, सगळ्यांची मिळून सुमारे १५ डॉलरांत. खर्चाचा आकडा मोहात पाडणारा आहे आणि शिक्षण खात्यांच्या नजरेत तो भरणार. सरावासाठी अशी यंत्रं जरूर वापरावीत. पण शाळेतल्या मुलाच्या बाबतीत तोंडी यंत्राच्या हवाली करायला माझा विरोध आहे. मूल काय बोललं हे शिक्षकांनी ऐकलंच नाही, तर उद्याचा धडा ते कशाच्या आधारावर बदलणार? अर्लवँगरच्या लेखातली प्रत्येक ओळ 'बेनीशी बोलणारा माणूस पुढचा प्रश्न बेनीच्या उत्तरातून शोधत होता' हेच सांगते.

राहतो तो वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं. एका शिक्षकाकडे १५० मुलं आहेत आणि सत्रात प्रत्येकाशी चार वेळा पंधरा मिनिटं बोलायचं, असं धरू. १५० तास झाले. वीस आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला साडेसात तास, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस. यात न लागलेले फोन, तुटलेली लाइन, नोंदी लिहिणं आलेलं नाही. हा दिवस वेळापत्रकात मांडला नाही, तर तो शिक्षकांच्या संध्याकाळीतून आणि रविवारातून काढला जातो, आणि मग तोंडीचं पुन्हा दोन मिनिटांचं कवितापठण होतं. फ्लोरिडाच्या त्या शाळेत शिक्षकाला वर्गावर जाऊन शिकवायचं नसतं, धडे आधीच तयार असतात, म्हणून त्याच्या दिवसात फोनला जागा निघते. आपल्याकडे ऑनलाइन शाळेचा विचार होतो तो बहुतेक व्हिडिओ, ॲप आणि प्रश्नपेढीचा. शिक्षकांचे तास त्यात नसतातच.

भारतात अशा ऑनलाइन शाळा आता केवळ कल्पनेत नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं, म्हणजे एनआयओएसनं, २०२१ मध्ये आपली व्हर्च्युअल शाळा सुरू केली, पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस दिल्ली सरकारनं आपली. एनआयओएसमध्ये शिक्षकानं तपासायचे गृहपाठ असतात आणि त्यांना २० टक्के वजन आहे. हे गृहपाठ बाजारात आणि इंटरनेटवर तयार सोडवून मिळतात, हे कुणापासून लपलेलं नाही. त्यांच्या जागी, किंवा निदान त्यांच्यासोबत, दर विषयाला दहा मिनिटांचा एक फोन ठेवता येईल: मुलानं पाठवलेल्या गृहपाठातलंच एक उत्तर घ्यायचं, ते कसं काढलं ते विचारायचं, त्यावर आणखी दोन प्रश्न, आणि मुलाला विचारण्यासाठी शेवटची दोन मिनिटं मोकळी. पाच विषयांचे पाच फोन, मुलामागे पन्नास मिनिटं. अभ्यासकेंद्रावरच्या शिक्षकाला आज जसा गृहपाठ तपासण्याचा मोबदला मिळतो, तसा या पन्नास मिनिटांचा ठरवावा, आणि सुरुवात एका जिल्ह्यातल्या काही केंद्रांपासून, गणित आणि मराठी या दोनच विषयांनी करावी.